एक ‘मे’ जास्त, एक ‘ए’ कमी : तुर्की प्रत्ययांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी सोलापूरची. घरात चादरी-टॉवेलचा व्यवसाय, मागांच्या आवाजात वाढलेली. वस्त्रोद्योगातलं पुढचं शिक्षण घ्यायला ती शिष्यवृत्तीवर तुर्कस्तानात देनिझ्लीला गेली. देनिझ्ली हे तिथलं टॉवेलचं गाव, त्यामुळे घरच्यांना जागा पटायला वेळ लागला नाही. अट एकच होती. मूळ अभ्यासक्रमाआधी वर्षभर तुर्की शिकायचं आणि सी-१ पातळी गाठायची. (भाषेच्या पातळ्या चढत्या क्रमाने ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२ अशा असतात.) निघण्यापूर्वी तीन महिने मी पुण्यातून तिला ऑनलाइन शिकवत होते. तिच्या संमतीने हे लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मराठी माणसाला तुर्कीची सुरुवात सोपी जाते. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच. नामाला लिंग नाही, त्यामुळे तो-ती-ते ही कटकट नाही. १९२८ पासून लिपी रोमन, अक्षरं २९, आणि लिहिलेलं जवळपास तसंच वाचायचं. किताप, शेहिर, दुक्क्यान, दुन्या, साबुन, पेर्दे हे शब्द ऐकले की ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटतं. आपल्या तोपची, खजानचीमधला ‘ची’ हा तर तुर्की प्रत्ययच आहे. पुढे एका रंगाऱ्यामुळे तो या गोष्टीत पुन्हा येईल.

शिवाय विभक्ती आपल्याला नवी नाही. एव म्हणजे घर. एवी घर किंवा घराला (कर्म म्हणून), एवे घराकडे, एवदे घरात, एवदेन घरातून, एविन घराचं. मराठीत ‘घर’चं आधी ‘घरा’ होतं, मग प्रत्यय लागतो. तुर्कीत बहुतेक ठिकाणी मूळ शब्द तसाच राहतो. प्रत्ययातला स्वर मात्र शब्दातल्या शेवटच्या स्वराच्या मागे जातो. एवदे, पण शाळेत म्हणताना ओकुल्दा. आठ स्वरांचे दोन गट, पुढचे आणि मागचे. शब्द ज्या गटाचा, प्रत्यय त्याच गटाचा. शब्द कठोर व्यंजनावर संपला की ‘द’चा ‘त’ होतो : किताप्ता, पुस्तकात. (तुर्कीत टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन वेगळे ‘इ’ आहेत. इथे दोन्ही एकाच ‘इ’ने लिहिले आहेत; ऐकताना फरक कानात ठेवावा लागतो.)

हे सगळे तक्ते तिला तोंडपाठ होते. कोणतंही नाम द्या, सहा रूपं घडाघडा म्हणायची, आणि मला ते फार समाधानाचं वाटायचं. इथेच माझी पहिली चूक झाली.

तो सोमवार

जानेवारीत ती बी-१ला होती. वसतिगृह सोडून दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहायला जायचं ठरलं होतं. रविवारी रात्री घरमालकीणबाईंचा मेसेज आला : “किझिम, पाझार्तेसी गेल्मेमेनी रिजा एदियोरुम. बोयाजी वार.”

(बोयाजी म्हणजे रंगारी; त्यातला ‘जी’ हा तोच आपला ‘ची’.) तिने वाचलं, “मुली, सोमवारी ये अशी विनंती करते. रंगारी आहे.” रंग कोणता हवा ते विचारायला बोलावत असतील, असा अर्थ तिने लावला. सकाळी दोन बॅगा घेऊन ती दारात उभी. आत जमिनीवर प्लास्टिक अंथरलेलं, शिडीवर रंगारी, सामान मधोमध ढकललेलं. मेसेजचा खरा अर्थ होता, “सोमवारी येऊ नकोस अशी विनंती करते.”

बाई रागावल्या नाहीत. खालच्या मजल्यावर नेऊन त्यांनी चहा दिला, बॅगा ठेवून घेतल्या. पण नऊचा तास बुडणार होता, म्हणून तिने वर्गाच्या शिक्षिकेला घाईघाईत लिहिलं : “होजाम, बुग्युन देर्से गेल्मेम.” तिला म्हणायचं होतं, “मॅडम, आज तासाला येता येत नाहीये.” लिहिलं गेलं, “आज तासाला येणार नाही.” यायचं नाही म्हणून येणार नाही, असा त्याचा सूर. उत्तर दोन शब्दांचं आलं : “सेन बिलिर्सिन.” तुझं तू बघ.

संध्याकाळी मैत्रिणीला सगळी हकिगत सांगताना ती म्हणाली, “एव साहिबिने आरादिम.” घरमालकिणीला फोन केला. मैत्रिणीला कळलं, पण तिने दुरुस्त केलं : साहिबिने नाही, साहिबिनी.

रात्री मला फोन आला तेव्हा ती रडत होती. “ताई, मला सगळे प्रत्यय येतात. तुम्ही आत्ता विचारा. मग माझं असं का होतंय?”

पुढच्या आठवड्यात बी-१च्या चाचणीत ती लेखनात नापास झाली.

चूक नेमकी कुठे होती

तीन वाक्यं, आणि तिन्ही चुका वेगळ्या जातीच्या. आधी हेच वेगळं करावं लागलं, कारण तिला आणि मलाही सुरुवातीला ती एकच गोष्ट वाटत होती : “प्रत्यय कच्चे आहेत.”

पहिलं वाक्य घ्या. गेल्मेमेनी या शब्दाचे तुकडे असे : गेल्, मे, मे, न्, इ. गेल् म्हणजे ये. पहिला मे नकाराचा. दुसरा मे ‘येणं’मधल्या ‘णं’सारखा, क्रियापदाचं नाम करणारा. न् म्हणजे तुझं. शेवटचा इ कर्माचा. सरळ मराठीत “तुझं न येणं”, आणि त्याची विनंती. नकाराचा मे काढला की उरतं गेल्मेनी, “तुझं येणं”. दोन्ही मे दिसायला सारखे, एकाला एक चिकटलेले. तिच्या डोळ्याने एक गिळला.

आपण मराठीत नकार असा लपवत नाही. “न येण्याची विनंती” म्हणताना ‘न’ आधीच समोर उभा असतो, “येऊ नकोस” म्हणताना ‘नकोस’ शेवटी खणखणीत वाजतं. तुर्कीत तो शब्दाच्या पोटात असतो, त्यावर आघातही नसतो. नकाराचा मे आघात स्वतःवर घेत नाही, आधीच्या अक्षरावर ढकलतो. बोलताना गेल्मेमेनीत ‘गेल्’वर जोर येतो, गेल्मेनीत शेवटच्या ‘नी’वर. तुर्की कान फरक तिथेच पकडतो. मराठीत अशा आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तो शोधतच नाही. आणि मेसेजमध्ये तर आवाजच नव्हता.

दुसरं वाक्य. गेल्मेम म्हणजे येत नाही, येणार नाही. गेलेमेम म्हणजे येऊ शकत नाही. फरक एका ‘ए’चा. हा ए शक्यतेचा. नकाराच्या मेच्या आधी बसतो आणि ‘इच्छा नाही’चं ‘जमत नाही’ करतो. तिच्या प्रसंगात सगळ्यात साजेसं होतं गेलेमियोरुम, येता येत नाहीये. मराठीत या दोहोंसाठी वेगवेगळी रचना आहे, त्यामुळे अर्थाचा गोंधळ तिच्या डोक्यात मुळीच नव्हता. तिने फक्त माहीत असलेलं सगळ्यात लहान रूप उचललं.

तिसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ती चूक मराठीतूनच आलेली आहे. शाळेत आपण पाठ केलं : द्वितीया स, ला, ते, चतुर्थी स, ला, ते. दोन विभक्त्या, पण रूपं एकच. मराठी बोलणाऱ्याला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आयुष्यभरात कधी जाणवावंच लागत नाही. “आईला पाहिलं” आणि “आईला दिलं” या दोन्हींतला ‘ला’ आपल्यासाठी एकच. तुर्कीत पहिला इ-गटाचा (एवीतला इ; शब्दाच्या स्वरानुसार तो उ-ही होतो), दुसरा ए-गटाचा (एवेतला ए). तिचे मागच्या चार महिन्यांतले मेसेज आणि निबंध मी मागवून घेतले. ‘ला’ आला की तिचा हात ‘ए’कडेच जायचा.

आणि ‘ला’ नसेल तिथे ती काहीच लावत नव्हती. हावलु आल्दिम म्हणजे टॉवेल घेतला, कोणताही. हावलुयु आल्दिम म्हणजे तो ठरलेला टॉवेल घेतला, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय तो. निर्जीव वस्तूला कर्म म्हणून आपण ‘ला’ लावत नाही, “पुस्तक वाचलं” एवढंच म्हणतो आणि कोणतं ते संदर्भावर सोडतो. तुर्कीत माणूस की वस्तू याला महत्त्व नाही. ठरलेलं की न ठरलेलं याला आहे. तिच्या प्रयोगशाळेच्या वर्णनात “सूत कापलं, सूत रंगवलं, सूत वाळवलं” असं सगळं बिनप्रत्ययाचं होतं. तुर्की वाचकाला दर वेळी नवंच सूत दिसत असणार.

पर्याय

पहिला पर्याय तिचाच : तक्ते पुन्हा घोटायचे. मी नाही म्हटलं. तक्ता पाठ नसणं हा आजारच नव्हता.

दुसरा तिच्या मैत्रिणींचा : व्याकरण बाजूला ठेव, मालिका बघ, बोलत राहा, आपोआप येईल. यात तथ्य आहे, आणि वेळ असता तर मीही हेच म्हटलं असतं. पण सी-१पर्यंत महिने मोजके होते. शिवाय बोलताना समोरचा समजून घेतो, त्यामुळे ‘साहिबिने’सारखी चूक वर्षानुवर्षं टिकते. मैत्रिणीने दुरुस्त केलं हे तिचं नशीब.

तिसरा पर्याय बी-१ पुन्हा करण्याचा. दुसरी वाट होती फेरचाचणी देऊन बी-२मध्ये ढकलून घ्यायची. यावर आमचं एकमत झालं नाही. मला वाटत होतं तिने पुढे जावं, वर्गमित्र सुटू नयेत. ती म्हणाली, “ताई, पुढे वाक्यं अजून लांब होणार. मला एका शब्दातला नकार दिसत नाहीये.” ती बरोबर होती. तिने बी-१ पुन्हा घेतलं.

चौथा पर्याय, जो आम्ही तासांसाठी निवडला : मराठीतूनच जायचं. वर्गात तुर्कीशिवाय काही बोलायचं नाही हा नियम होता आणि वर्गासाठी तो योग्यही आहे. पण चूक मराठीच्या वळणातून येत असेल, तर मराठीकडे पाठ फिरवून ती सापडणार कशी?

प्रत्यक्षात काय केलं

‘ला’साठी एक कसोटी तयार केली. वाक्यातला माणूस काढायचा, तिथे वस्तू ठेवायची. ‘ला’ गळला तर तुर्कीत इ-गट, टिकला तर ए-गट. “मुलाला शोधलं”, वस्तू ठेवा, “किल्ली शोधली”. ला गळला, म्हणून इ. “बाळाला उचललं”, “पिशवी उचलली”. इ. “बाळाला हात लावला”, “भिंतीला हात लावला”. टिकला, म्हणून ए. आणि इथेच फोनचं कोडं सुटलं. “आईला फोन केला”, “बँकेला फोन केला” यात ला टिकतो. तेलेफोन एत्मेक या क्रियापदाला तुर्कीतही ए लागतो. पण तिने वापरलं होतं आरामाक, ज्याचा मूळ अर्थ शोधणं. फोन करणं हा त्याचाच वापर. म्हणून एव साहिबिनी आरादिम. तेव्हापासून तिने वहीत आरामाकपुढे ‘फोन करणे’ खोडून ‘(फोनवर) शोधणे’ असं लिहिलं.

साहिबिनी हा शब्दही आम्ही एकदा सावकाश सोडवला. एव साहिबी, घराचा साहेब, घरमालक. साहिबीतला इ “घराचा” या नात्यामुळे आलेला. त्याच्यापुढे विभक्ती लावताना मध्ये न् येतो, मग कर्माचा इ. हे न कळल्यामुळे तिला एविन्दे या शब्दाचीही भीती वाटायची, कारण तो “तुझ्या घरात” आणि “त्याच्या घरात” असा दोन्ही अर्थांनी वाचता येतो. त्याला उपाय नाही, संदर्भ बघायचा. तुर्की माणसंही तेच करतात, आणि हे ऐकून तिला फार हायसं वाटलं.

कसोटी सगळीकडे चालत नाही. “अंधाराला घाबरते” यात ला टिकतो, म्हणून ती ए लावायची. पण कोर्कमाकला देन लागतो, अंधारापासून. आवडणं, होश्लान्माक, त्यालाही देन. बसमध्ये चढतानाचं बिन्मेक आपल्याला ‘मध्ये’कडे ओढतं, तुर्कीत ते ए मागतं, कारण हालचाल आहे. भेटणं तर बहुतेकदा ‘-ले’ने होतं, आपल्या ‘शी’सारखं. अशा क्रियापदांची वेगळी यादी केली. तिथे पाठांतराला पर्याय नव्हता. मात्र क्रियापद एकटं लिहायचं नाही, त्याचा प्रत्यय पुढे जोडूनच लिहायचं.

क्रियापदासाठी वेगळी सवय लावली. लांब शब्द आला की मूळ धातूला बोट लावायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, हो की नाही? काळ, पुरुष सगळं नंतर. तुर्की क्रियापदात जागा ठरलेल्या आहेत : धातू, मग करवणं किंवा परस्पर वगैरे, मग शक्यता आणि नकार, मग काळ, शेवटी व्यक्ती. ग्योर्युशेमेयेजेक्लेर हा तिचा आवडता शब्द झाला. ग्योर् बघ, युश एकमेकांना, ए शक्य, मे नाही, येजेक पुढे, लेर ते. “ते भेटू शकणार नाहीत.” मराठीत चार शब्द, तिथे एक. पहिल्यांदा तिने हा शब्द कागदावर लिहिला, कात्रीने कापला आणि तुकडे टेबलावर मांडून मला कॅमेऱ्यावर दाखवले. मेचा तुकडा तिने लाल केला होता.

शेवटी मिश. काळ शिकताना तिने दी आणि मिश दोन्ही ‘भूतकाळ’ म्हणून पाठ केले होते. गेल्दी, आला, मी पाहिलं. गेल्मिश, आलाय म्हणे. ऐकलं, किंवा दारात चप्पल दिसली म्हणून कळलं. मराठीतला ‘म्हणे’ इथे फार उपयोगी पडला. पण पूर्ण नाही, कारण मिश स्वतःलाही लागतो. उनुत्मुशुम, विसरलेच की मी. आत्ता लक्षात आलं. स्वतःच्या कृतीची स्वतःलाच मागाहून चाहूल लागणं. ‘म्हणे’मध्ये हे बसत नाही, ‘लिहून गेले’, ‘विसरून बसले’ असं काहीसं म्हणावं लागतं.

काय साधलं, काय राहिलं

बी-१ दुसऱ्या वेळी ती पास झाली, पुढे बी-२ही. ‘ला’ची चूक लिखाणात जवळपास थांबली, बोलताना दमली की परत येते. नकार आता सुटत नाही. देनवाली क्रियापदं अजून अडतात. ठरलेल्या कर्माचा प्रत्यय तिला सगळ्यात उशिरा जमला. पण जमला तो प्रयोगशाळेतच, कारण तिथे प्रत्येक सूत ठरलेलं असतं.

बी-१ पुन्हा करण्यात दोन महिने गेले. वर्गमैत्रिणी पुढे गेल्या, नव्या वर्गात ती काही आठवडे एकटी पडली. ही किंमत मी कमी लेखली होती आणि तिने ती विचारपूर्वक दिली.

आज शिकवायचं असतं तर

पहिल्याच महिन्यात मी तिचे खरे मेसेज मागितले असते. तक्त्यात येणारं रूप आणि रात्री अकरा वाजता थकलेल्या हाताने लिहिलेलं रूप या दोन गोष्टी आहेत, आणि मी पहिलीच तपासत राहिले.

नकाराचा मे मी आधी कानाने शिकवला असता. गेल्मे, आघात ‘गेल्’वर, म्हणजे येऊ नकोस. गेल्मे, आघात ‘मे’वर, म्हणजे येणं. अक्षरं तीच. हे रोज दहा-दहा वेळा मोठ्याने म्हणवून घेतलं असतं तर गेल्मेमेनी वाचतानाही तिच्या मनात जोर योग्य जागी पडला असता. आणि कठीण वाटणारा मेसेज आला तर उत्तर देण्यापूर्वी “म्हणजे येऊ ना?” असं साध्या शब्दांत विचारून घ्यायला शिकवलं असतं. हा भाषेचा नियम नाही, पण त्या सोमवारी तोच कामी आला असता.

द्वितीया-चतुर्थीचं साम्य मी निघण्यापूर्वीच समोर मांडायला हवं होतं. “आपल्यालाही विभक्ती आहेत, सोपं जाईल,” असं मी तिला म्हणाले होते. अर्धंच खरं होतं ते.

माफीचा मेसेज

एक निर्णय राहिला. सोमवारच्या त्या मेसेजबद्दल शिक्षिकेची माफी मागायची होती. मी त्याच रात्री म्हटलं, मी अचूक तुर्कीत लिहून देते, तू पाठव. तिने नको म्हटलं. मंगळवारी वर्गात जाऊन तोंडी “ओझ्युर दिलेरिम” म्हणाली, पण काय झालं होतं ते सांगण्याइतकी तुर्की तेव्हा तिच्याकडे नव्हती. शिक्षिकेने मान हलवली आणि विषय संपला. संपल्यासारखा झाला.

सात आठवड्यांनी, मिश शिकून झाल्यावर, तिने मला न विचारता लिहिलं : “होजाम, ओ ग्युन ‘गेलेमियोरुम’ याझाजाक्तिम, ‘गेल्मेम’ याझ्मिशिम.” मॅडम, त्या दिवशी ‘येता येत नाहीये’ लिहिणार होते, ‘येणार नाही’ लिहून गेले. याझ्दिम नाही, याझ्मिशिम. एका प्रत्ययात तिने सांगून टाकलं की ते जाणूनबुजून नव्हतं.

उत्तर लगेच आलं, पुन्हा दोनच शब्दांचं, आणि त्यातही मिश होता : “आर्तिक ओएरेन्मिश्सिन.” आता शिकलीस की गं.